मॅच समजून घ्या, रविवार वाटून घ्या

पत्र

प्रिय ताई,

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन अमेरिकेत बफेलोला आले. नवरा एमएस करायला इथे आला आणि इथलाच झाला. माणूस अतिशय समजूतदार आहे. पण सप्टेंबर उजाडला की दर रविवारी दुपारी एकपासून चारपर्यंत आमच्या घरात फक्त ‘बफेलो बिल्स’, म्हणजे इथली अमेरिकन फुटबॉलची टीम असते. टीम हरली तर मंगळवारपर्यंत धड बोलणं नाही. मी शेजारी बसून बघते, विचारते, “आता शिट्टी का वाजली?” तो म्हणतो, “थांब, नंतर सांगतो.” ते ‘नंतर’ कधी येत नाही. २०२४ ची संक्रांत सोमवारी होती, सुट्टीही होती, म्हणून मी संध्याकाळी हळदीकुंकू ठेवलं. नेमकी रविवारची मॅच हिमवादळामुळे सोमवारी साडेचारला ढकलली. बर्फातून आलेल्या बायका वर वाण घेतायत आणि खाली बेसमेंटमधून आरडाओरडा. मला रडूच आलं. आता आठ वर्षांचा मुलगाही जर्सी घालून बाबाशेजारी बसतो आणि ‘मला फुटबॉल खेळायचंय’ म्हणतो. मला त्या टकरी बघवत नाहीत. खेळाचं मला वावडं नाही, शाळेत मी कबड्डी खेळलेली आहे. पण हा खेळ कळत नाही आणि तो आवडून घ्यायची सक्ती झाल्यासारखी वाटते. काय करू?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. खेळ कळत नाही ही एक, आणि रविवार तुमचा राहिलेला नाही ही दुसरी. पहिली सुटली की दुसरी आपोआप सुटेल, अशी तुमची आशा दिसते. तसं होणार नाही. उद्या तुम्ही सगळे नियम तोंडपाठ केलेत तरी मंगळवारपर्यंतचा अबोला जाणार नाही. उलट रविवारची नीट वाटणी झाली तर खेळ न कळताही संसार सुखाने चालेल. म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या करू. आणि ती सक्ती आजच मनातून काढून टाका. नवऱ्याच्या टीमवर प्रेम करणं हे बायकोचं कर्तव्य नाही. खेळ समजून घ्यायचा तो तुमच्या कुतूहलासाठी, आणि तुमच्या पत्रात ते कुतूहल मला स्पष्ट दिसतं. ते नसतं तर शिट्टी का वाजली हे तुम्ही विचारलंच नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे, मॅच चालू असताना नवऱ्याकडून शिकू नका. तो टाळतोय म्हणून नव्हे, त्या वेळी त्याला खरंच सांगता येत नाही. तीन तास चालणाऱ्या या मॅचमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. एक चाल पाच-सहा सेकंदांत संपते आणि पुढची सुरू करायला साधारण चाळीस सेकंद मिळतात. तुम्हाला वाटतं, आता काही चाललेलं नाही, आता विचारावं. पण त्याच चाळीस सेकंदांत तो कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, समोरची टीम कशी उभी राहिली हे वाचत असतो. त्याच्यासाठी मॅचचा निम्मा अर्थ त्या थांबण्यात आहे.

आता मूळ गोष्ट सांगते, आणि कबड्डी खेळलेल्या बाईला ती सांगायला मला फार वेळ लागणार नाही. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ असते ना? गुण आणा, नाहीतर बाद व्हा. अमेरिकन फुटबॉलचा कणा हाच आहे. चेंडू असलेल्या टीमला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. एकेका संधीला ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड पार झाले की पुन्हा नव्याने चार संधी. नाही झाले तर चेंडू समोरच्या टीमचा. पडद्यावर कोपऱ्यात दिसतं ना, ‘सेकंड अँड सेव्हन’? म्हणजे दुसरी संधी, अजून सात यार्ड बाकी. मैदानावर जी पिवळी रेघ दिसते ती त्या दहा यार्डांची हद्द. ती रेघ मैदानावर नसतेच. १९९८ पासून टीव्हीवाले ती संगणकाने काढून दाखवतात. स्टेडियमवर गेलात तर शोधत बसू नका.

समजा, बिल्सकडे चेंडू आहे. पहिल्या संधीत एक जण चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसला आणि तीन यार्ड मिळाले. दुसऱ्या संधीत क्वार्टरबॅकने, म्हणजे चाल सांगणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, फेकलेला चेंडू कुणाच्या हाती न लागता जमिनीवर पडला. मिळकत शून्य. आता तिसरी संधी, सात यार्ड बाकी. या क्षणी नवऱ्याकडे बघा. तो गप्प होईल, पुढे सरकून बसेल. कारण स्टेडियममध्ये आपली टीम चाल रचत असते तेव्हा लोक मुद्दाम शांत राहतात, क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्या माणसांना ऐकू यावा म्हणून. आणि समोरच्या टीमची तिसरी संधी असते तेव्हा हजारो माणसं घसा फोडून ओरडतात, त्यांना एकमेकांचं काही ऐकू येऊ नये म्हणून. बेसमेंटमधला तो आरडाओरडा बराचसा त्यातला असतो. तिथे त्याचा काही उपयोग नसतो, पण अंगवळणी पडलेली सवय जात नाही.

तिसरी संधीही फुकट गेली की बहुतेकदा टीम चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देते, म्हणजे त्यांना दुरून सुरुवात करावी लागते. हा ‘पंट’. मैदानाच्या टोकाचे खांब जवळ असतील तर लाथ मारून चेंडू त्या दोन खांबांमधून पाठवायचा, त्याचे तीन गुण. हा ‘फील्ड गोल’. आणि अगदीच धाडस असेल तर चौथ्या संधीतही पुढे जायचा प्रयत्न करायचा. हा निर्णय कोचचा. त्यावर तुमच्या घरात जो वाद होतो, तोच बफेलोच्या प्रत्येक घरात होत असणार. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ‘टचडाउन’. त्याचे गुण सहा, त्यानंतरच्या लाथेचा एक. सुरुवातीला एवढं हिशेबापुरतं बास.

तुमच्या शिट्टीचंही सांगून टाकते. शिट्टीबरोबर पिवळं फडकं हवेत उडालं तर कुणीतरी नियम मोडला. चाल सुरू व्हायच्या आधीच पुढच्या रांगेतला कुणी हलला तर पाच यार्ड मागे. समोरच्याला धरून ठेवलं तर दहा. आणि चेंडू झेलायला निघालेल्याला चेंडू पोचायच्या आधीच अडवलं, तर जिथे अडवलं तिथेच चेंडू मिळतो, मग ते अंतर चाळीस यार्ड का असेना. नवरा ज्या फडक्यावर सगळ्यात जास्त चिडतो ते बहुधा हे शेवटचं.

हे कळलं की एक प्रयोग करा. एका डावासाठी चेंडूकडे बघूच नका. क्वार्टरबॅकच्या पुढे जे पाच दांडगे उभे असतात, तीनशे पौंडांच्या आसपासचे, त्यांच्याकडे बघा. चेंडू झेलणं, धावत सुटणं हे त्यांचं कामच नाही. त्यांनी फक्त मागच्या माणसाला तीन सेकंद मिळवून द्यायचे. त्यातला डावीकडचा शेवटचा गडी, त्याला ‘टॅकल’ म्हणतात, उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ सांभाळतो, कारण फेकायला वळल्यावर ती बाजू त्याला दिसतच नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, म्हणून ही माणसं नजरेतून निसटतात. कोपऱ्यात साखळी धरून उभं राहण्याचं मोल तुम्हाला माहीत आहे. चढाई कुणाची हे सगळे बघतात, साखळी कुणी तुटू दिली नाही हे खेळलेल्यालाच दिसतं. तुमच्या नवऱ्याला कदाचित न दिसणारी गोष्ट तुम्हाला इथे दिसेल, आणि तिथून हा खेळ तुमचा स्वतःचा व्हायला लागेल.

शिकायला रविवारच हवा असं नाही. एनएफएल, म्हणजे बिल्स जिच्यात खेळतात ती लीग, तिच्या स्वतःच्या सेवेवर मधले सगळे खंड काढलेली अख्खी मॅच पाऊण तासात बघता येते. मंगळवारी-बुधवारी मुलगा झोपल्यावर, निकाल माहीत असलेली जिंकलेली मॅच दोघांनी लावा. रिमोट तुमच्या हातात. जिथे कळलं नाही तिथे थांबवायचं. निकालाची धाकधूक नसली की तुमचा नवरा उत्तम शिक्षक होईल, याची मला खात्री आहे. आणि शरद ऋतूत एखाद्या शुक्रवारी रात्री जवळच्या हायस्कूलच्या मैदानावर जा. बँड वाजतो, आजी-आजोबा घोंगड्या पांघरून बसलेले असतात आणि मुख्य म्हणजे बावीसच्या बावीस खेळाडू एका नजरेत दिसतात.

आता तुमच्या नवऱ्याच्या त्या अबोल्याबद्दल. बिल्सवर जीव लावणं म्हणजे काय, हे ठाऊक असलं की तो चेहरा थोडा वाचता येतो. २७ जानेवारी १९९१, टॅम्पा शहरात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. बिल्स एका गुणाने मागे, आठ सेकंद उरलेली. स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांवरून लाथ मारतो आणि चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून जातो. न्यूयॉर्क जायंट्स २०, बफेलो १९. त्यानंतरच्या तिन्ही वर्षी बिल्स पुन्हा सुपर बोलपर्यंत पोचले आणि तिन्ही वेळा हरले. लागोपाठ चार वेळा अंतिम सामना गाठणारी ही एकमेव टीम, आणि चारही हरणारीही. पुढे २००० ते २०१६ अशी सतरा वर्षं प्लेऑफही, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरीही नाही. मग २३ जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी. तेरा सेकंद शिल्लक असताना बिल्स ३६-३३ असे पुढे होते. तेवढ्यात समोरच्यांनी दोन चालींत ४४ यार्ड कापले, बरोबरी केली आणि जादा वेळेत बिल्सच्या हातात चेंडू न येताच मॅच ४२-३६ अशी संपली. इतकी हळहळ झाली की प्लेऑफमध्ये जादा वेळेत दोन्ही टीमना चेंडू मिळालाच पाहिजे असा नियम त्यानंतर लीगने केला. बफेलोत ‘तेरा सेकंद’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

पण मला त्या शहराची आठवण येते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. १९९१ च्या त्या हरलेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी बफेलोच्या सिटी हॉलसमोर, नायगरा स्क्वेअरमध्ये, टीमच्या स्वागताला हजारो लोक थंडीत जमले. आणि त्यांनी गजर केला तो नॉरवूडच्या नावाचा. ज्याची लाथ चुकली, त्याच्या. तो माईकपुढे आला तेव्हा त्याला बोलवेना. २०१७ च्या शेवटच्या दिवशी सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने शेवटच्या मिनिटाला टचडाउनचा पास दिला, बाल्टिमोर हरलं आणि त्यामुळे बिल्सचा सतरा वर्षांचा वनवास संपला. तेव्हा बफेलोच्या लोकांनी मुलांसाठी काम करणाऱ्या डाल्टनच्या संस्थेला देणग्या पाठवल्या, कित्येकांनी नेमके सतरा डॉलर, वर्षाला एक. परक्या टीमच्या खेळाडूचे असे आभार मानणारे हे लोक आहेत. शिकायला परक्या गावात आलेल्या मुलाला त्यांनी आपल्यात घेतलं असेल, तर रविवारी तो जे सांभाळतो ते निव्वळ मॅचपेक्षा मोठं आहे. त्याला एकदा विचारा, पहिली मॅच कुणाबरोबर बघितलीस? बफेलोतला पहिला हिवाळा कसा गेला? मला वाटतं, नियमांपेक्षा हे उत्तर तुम्हाला जास्त जवळ नेईल.

आणि तरीही मंगळवारपर्यंतचा अबोला मला मान्य नाही. दुःख त्याचं आहे, शिक्षा तुम्हाला आणि मुलाला का? हे त्याला सांगा, पण रविवारी नको, सोमवारी तर मुळीच नको. बुधवारी सांगा, किंवा टीमला सुट्टी असते त्या आठवड्यात. सरळ शब्दांत सांगा, “हरल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत तुला एकटं सोडेन, काही विचारणार नाही. जेवायला बसलास की तू आमचा.” समजूतदार माणूस आहे असं तुम्हीच लिहिलंय. बाप हरल्यावर कसा वागतो हे शेजारी जर्सी घालून बसलेलं पोर शिकतंय, एवढं त्याच्या ध्यानात आणून दिलं तरी बरंच होईल.

रविवारची वाटणी कॅलेंडर पुढे घेऊन करा. लीगचं वेळापत्रक मे महिन्यात जाहीर होतं. अठरा आठवड्यांत सतरा मॅच, त्यातही काही सोमवारी, गुरुवारी. गणपती, नवरात्र, दिवाळी, वाढदिवस हे सगळं त्याच कागदावर लिहा आणि जिथे टक्कर होते ते मे महिन्यातच मिटवा. एकच्या मॅचचा एक मोठा फायदा असा की सकाळ अख्खी मोकळी मिळते. ती तुम्ही मागून घ्या. बाजारहाट, मुलाचा क्लास, दुपारचं जेवण, हे सगळं बारापर्यंत त्याने उरकायचं. मॅचआधीच्या चर्चेचे कार्यक्रम त्याने सोडायचे. आणि मॅचच्या तीन तासांत तुम्ही घरात असलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? मैत्रिणीकडे जा, झोपा, पोहायला जा. पहिला डाव बघून उठून गेलात तरी चालतं.

संक्रांतीचं मात्र नीट बोलायला हवं. प्लेऑफ जानेवारीच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे बिल्स चांगले खेळत राहिले तर ही टक्कर पुन्हा होणार. त्या दिवशी पिट्सबर्गविरुद्ध प्लेऑफची मॅच होती, हरलं की हंगाम संपला अशी. ताशी वीस डॉलरवर लोक स्टेडियममधला बर्फ उपसत होते आणि बिल्सनी ती ३१-१७ अशी जिंकली. खाली काय चाललं होतं ते आता तुम्हाला कळलं असेल. वर काय चाललं होतं हे त्यालाही कळायला हवं होतं. बर्फ तुडवत आलेल्या बायकांचं स्वागत करायला त्याने पाच मिनिटं वर यायला हवं होतं, नाहीतर मॅच मित्राच्या घरी बघायला हवी होती. तुमचं रडू रास्त होतं. इथून पुढे दोन वाटा आहेत. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे दिवस पुढे न्यायला तुमच्याकडे जागा आहे. पण दिवस तुम्ही बदललात तर त्या दिवसाची निम्मी कामं त्याची, तिळगुळापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत. आणि दिवस बदलायचा नसेल तर मॅच घराबाहेर. दरवर्षी तुम्हीच सरकायचं असं होऊ देऊ नका.

राहता राहिला मुलगा. इथे मी ठामपणे बोलणार आहे. तुम्हाला टकरी बघवत नाहीत हा तुमचा भित्रेपणा नाही. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बिल्सचा डमार हॅमलिन छातीवर आघात होऊन कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं आणि मैदानावरच सीपीआर देऊन त्याला वाचवावं लागलं. तो बरा झाला, पुन्हा खेळलाही. त्याने मुलांच्या खेळण्यांसाठी अडीच हजार डॉलरचं लक्ष्य ठेवून निधी सुरू केलेला होता, त्यात लोकांनी ऐंशी लाख डॉलरहून जास्त टाकले. पण तसा अपघात क्वचित होतो. रोजची काळजी वेगळी आहे. मघाशी सांगितलेल्या त्या पाच जणांच्या रांगेत मधोमध खेळणारा पिट्सबर्गचा माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीत वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा आजार त्यात सापडला. हा आजार फक्त मोठ्या टकरींतून येत नाही, वर्षानुवर्षांच्या लहान लहान धक्क्यांतूनही येतो. आणि माणूस जिवंत असताना त्याचं खात्रीचं निदान अजून होत नाही.

म्हणून आठ वर्षांच्या मुलाला टक्कर घेणारा फुटबॉल नको. हायस्कूलपर्यंत तरी नको, असं माझं मत आहे. पण खेळायचंच नाही असंही म्हणू नका. ‘फ्लॅग फुटबॉल’मध्ये कमरेला लावलेली फडकी ओढून गडी थांबवतात, पाडापाडी नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही गटांत हाच प्रकार आहे. पाच-पाच जणांच्या त्या खेळात सगळी मदार कंबर हलवून हुलकावणी देण्यावर असते. ते त्याला शिकवायला घरात तुमच्याइतकं योग्य कुणी नाही. बाबा चेंडू फेकायला शिकवेल, हुलकावणी तुम्ही शिकवा.

फक्त मुलाशी बोलायच्या आधी तुम्ही दोघं एकमेकांशी बोला, त्याच्या डॉक्टरांनाही विचारा आणि मग दोघांनी एकच उत्तर द्या. शाळेतला एखादा मित्र हेल्मेट घालून टक्कर घ्यायला निघाला की हा विषय पुन्हा निघणार आहे. तेव्हा आई नको म्हणते म्हणून बाबा गप्प, असं त्याला दिसता कामा नये.